मामांचा हात आणि दोन पंखे

मी तोंडाचा फटकळ आहे. कौतुकाने सांगत नाही. आई म्हणायची, शाळेतले मास्तर म्हणायचे, आता बायको रोज म्हणते. एकट्या मामांना माझा हा गुण आवडायचा, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, नात्याने माझे मामेसासरे. बायको त्यांच्याच घरात लहानाची मोठी झाली. लग्न झालं आणि सहा महिन्यांत माझी नोकरी गेली, तेव्हा मामांनी आपल्या शेडमधली अर्धी जागा मला दिली. मधे भिंतसुद्धा घातली नाही. तेव्हापासून पंचवीस वर्षं डाव्या बाजूला ते गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचे आणि उजव्या बाजूला मी गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम. माझ्या पाटीवर तीन रंगांत 'ऑटो इलेक्ट्रिक' आणि खाली वीज पडतानाचं चित्र. त्यांच्या पाटीवर नुसतं 'रेडिएटर', तेही शेवटचं अक्षर उडालेलं. "ज्याला गरज आहे तो वाचतो बरोबर," म्हणायचे.

माणूस किरकोळ, पँटला अॅसिडची भोकं, डाव्या अंगठ्याची कातडी भाजून भाजून निबर झालेली. त्यामुळे गरम-थंड बघायला ते हाताची मागची बाजू वापरायचे. गाडी तापवून रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवायचे आणि जिथे थंड लागेल तिथे खडूची रेघ मारायचे. तिथल्या नळ्या चोंदलेल्या. मग रेडिएटर उतरवायचा, वरची टाकी उघडायची, नळ्यांतून सळ्या घालून गाळ काढायचा, भट्टी पेटवून टाकी परत झाळायची आणि तोंडं बंद करून, आत हवा भरून पाण्याच्या हौदात बुडवायचा. बुडबुडा आला नाही की म्हणायचे, "उतरला ताप." माझ्या कामाला घाई असायची, त्यांच्या कामाला कधीच नाही. मी चिडायचो, ते हसायचे. कामावर मला 'अरे बापू' आणि 'तू'. घरी चार माणसांत 'जावईबापू' आणि 'तुम्ही'. हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

आमच्या समोर एक पेंटर बसायचा, नंबरप्लेटी रंगवायचा. म्हातारपणी त्याचा हात थरथरायला लागला. लोक तरी त्याच्याकडेच प्लेट द्यायचे, तोंडभरून स्तुती करायचे आणि पुढच्या चौकात जाऊन दुसऱ्याकडून पुन्हा रंगवून घ्यायचे. त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मामांना सगळं दिसायचं. एकदा चहा पिताना ते मला म्हणाले, "बापू, माझं असं होऊ देऊ नकोस. सत्तरी उलटली माझी. हात गेला की मला आपणहून कळणार नाही, आणि लोक दयेने सांगणार नाहीत. तू तोंडावर बोलणारा. तू सांग. त्या दिवशी मी भट्टी विझवीन, एक शब्द बोलणार नाही."

"सांगेन की! घाबरतो की काय?" मी म्हणालो. अहो, फुशारकी मारायला काय लागतं.

त्यानंतर दोन वर्षांनी डॉक्टरीणबाईंची गाडी आली. बाई दातांच्या डॉक्टर, केस पांढरे, गाडी वडिलांची. गाडीचं वय साठ, रंग फिकट हिरवा. बाई तिला 'म्हातारी' म्हणायच्या आणि स्वतःच चालवायच्या. अडचण अशी, की उन्हाळ्यात गाडी गर्दीत अडकली की उकळायची. जुन्या गाड्यांत पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन हळू तर पंखाही हळू, म्हणजे वाऱ्याची खरी गरज असते तेव्हाच तो पेंगतो. बाईंना विजेचे पंखे बसवून हवे होते. पावसाळ्याआधी त्यांना बहिणीकडे जायचं होतं. बहीण आजारी, रस्ता उघड्या माळावरचा, चार तासांचा.

आता पंखे निवडायचे म्हणजे काम माझं. मी कॅटलॉग काढला आणि सगळ्यात मोठ्या पंख्यावर बोट ठेवलं. सोळा इंची, ट्रकलाही पुरेल असा. मामा हौदाशी बसले होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "बापू, हिचा डायनामो किती वीज देतो रे?"

मी बघितलं नव्हतं. बघितलं तर जेमतेम बावीस अँपिअर. तो धटिंगण पंखा एकटाच तेवढी खाऊन बसला असता, आणि संध्याकाळी दिवे लावले की बॅटरी आडवी.

मग मामा उठले, टेप घेऊन आले. जाळी मोजली, जाळी आणि इंजिन यांच्यातली फट मोजली. "आडवी जाळी आहे. एक गोल पंखा लावलास तर मधेच वारा, चारी कोपरे कोरडे. दोन छोटे लाव, शेजारी शेजारी, जाळीच्या मागे, वारा आत ओढणारे. चारी बाजूंनी पत्र्याची चौकट मी करून देतो, म्हणजे सगळा वारा जाळीतूनच जाईल. पाती वळणदार घे, आवाज कमी करतात. आणि ठरावीक तापमानाला चालू होणारा स्विच खालच्या नळीवर नको, वरच्या टाकीत बसव. पाणी इंजिनातून येतं तिथेच ताप खरा कळतो."

प्रत्येक शब्द बरोबर होता. आणि बाईंच्या समोर होता! झाळकाम करणारा माणूस इलेक्ट्रिकवाल्याला वीज शिकवतोय, आणि बाई कौतुकाने मान डोलावतायत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दोन छोटेच मागवले. न मागवून सांगतो कुणाला?

काम दोन दिवसांत झालं. मामांनी रेडिएटर साफ केला, चौकट अशी केली की बोटसुद्धा आत जाऊ नये. मी वायरिंग केलं. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची वायर काढायची, हा माझाच नियम आहे, मीच सगळ्यांना सांगतो. पण म्हातारीची बॅटरी डिकीत, स्टेपनीच्या मागे, आणि डिकीत बाईंनी बहिणीसाठी भरलेली खोकी. कोण उपसतो ती खोकी! मी नुसता फ्यूज काढला आणि काम उरकलं. पंख्याची निळी वायर करंटला, काळी वायर बॉडीला. आजवर हजार वेळा तशीच जोडली होती.

इंजिन चालू केलं. काटा वर गेला, स्विच लागला, दोन्ही पंखे भुर्रकन फिरले. मामा वाकले आणि म्हणाले, "वारा कुठून कुठे जातोय, तेवढा हात लावून बघ रे."

मी म्हणालो, "मामा, विजेचं मला शिकवू नका. तुम्ही पाण्याचं बघा."

हे बाईंच्या समोर. मामा सरळ झाले, हात पुसले आणि आपल्या बाजूला निघून गेले. गाडी अर्धा तास उभी चालवली, सकाळची वेळ होती, काटा मध्यावर थांबला. मी बाईंना किल्ली दिली आणि म्हणालो, "जा खुशाल. आता पार वाळवंटात घातलीत तरी उकळायची नाही."

दुपारी गाडी टोचन लावून परत आली. माळावर पन्नासच्या वेगाला काटा टोकाला गेला होता आणि झाकणातून वाफ. बाई घामाघूम, चेहरा लाल. चूक कुणाची, असं त्यांनी विचारलंही नाही. मीच घाईने बॉनेट उघडलं, स्विचच्या दोन वायरी एकमेकींना लावून पंखे फिरवून दाखवले. "हे बघा, पंखे ठणठणीत. पाण्यात काहीतरी आहे."

मामांनी रेडिएटर उतरवला. सगळ्या नळ्यांतून पुन्हा सळ्या घातल्या, पुन्हा झाळला, पुन्हा बुडवला. तीन दिवसांनी बाई निघाल्या. पुन्हा तेच. या वेळी तासभर माळावर उन्हात उभं राहून त्यांना चक्कर आली. टोचनवाल्याने पाणी पाजलं म्हणून बरं.

त्या आमच्या बाकावर बसल्या. डोक्यावर ओला रुमाल होता. बहिणीचा फोन येत होता आणि त्या तो उचलत नव्हत्या. मला वाटलं, आता आपल्यावर येणार. आणि ते माझ्यावर येऊ नये एवढ्यासाठी, निव्वळ एवढ्यासाठी, मी मामांकडे वळलो. "मामा, स्पष्ट बोलायचं ठरलं होतं ना आपलं? हात गेला तुमचा. दोनदा उघडलात, दोनदा चोंदलेलाच परत बसवलात. पंखे तुमच्या मर्जीचे, रेडिएटर तुमच्या हातचा. आणखी काय राहिलं?"

बाई म्हणाल्या, "अहो, असं काय बोलता!"

मामांनी मात्र माझ्याकडे बघून मान हलवली. राग नाही, काही नाही. नेहमी पाना मागताना बघायचे तसंच बघितलं. म्हणाले, "ठरलं होतं खरं." मग बाईंना म्हणाले, "उद्याचा दिवस द्या मला. तुमची गाडी नीट होऊन जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रेडिएटर उतरवून पोत्यात गुंडाळायला लागले. कुठे नेताय विचारलं तर म्हणाले, "पुलापलीकडे." पुलापलीकडे दुसरा रेडिएटरवाला होता. चाळीस वर्षं दोघांची चढाओढ. दोघंही एकमेकांना 'तो पलीकडचा' म्हणायचे. मामांनी पोतं स्कूटरच्या पायाशी उभं केलं, दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि निघाले. मी दारात उभा राहून बघत होतो. त्यांना स्कूटर चालू करायला चार किका लागल्या आणि मी मदतीला गेलो नाही.

दुपारी मला वाटलं, एवढ्या धावपळीत बॅटरी उतरली असेल, चार्जिंगला लावू. बाईंनी खोकी काढून नेली होती. डिकी उघडली, स्टेपनी बाजूला केली. चार्जरचा चिमटा लावायला वाकलो आणि तिथेच थांबलो.

बॅटरीचा प्लस गाडीच्या बॉडीला जोडलेला होता. आताच्या गाड्यांसारखा मायनस नव्हे, प्लस. जाड जुनी पट्टी, बोल्टावर साठ वर्षांचा गंज. कुणी काल केलेलं नव्हतं, गाडी मुळातच तशी होती. त्या काळच्या कितीतरी गाड्या तशा असायच्या. उमेदवारी करताना पहिल्याच महिन्यात मला हे शिकवलं होतं. म्हणजे मी काळी वायर बॉडीला जोडली, तिला प्लस मिळाला. निळीला मायनस. पंखे फिरत होते, पण उलटे. गाडी उभी असली की त्यानेही थोडंफार निभावतं, वारा इकडून काय नि तिकडून काय. पण गाडी पळायला लागली की समोरून वारा आत येणार आणि माझे पंखे त्याला आतून बाहेर ढकलणार. मधे जाळीत हवा ठप्प. मामांच्या रेडिएटरने त्यात काय करावं, कप्पाळ?

मामा म्हणाले होते, हात लावून बघ. हात लावला असता तर एका क्षणात कळलं असतं.

मी वायरी बदलल्या. दोन स्क्रू, सगळी मिळून दहा मिनिटं. दहा मिनिटं मी सारखा दाराकडे बघत होतो. स्वतःच्या शेडमध्ये चोरासारखा!

संध्याकाळी मामा परत आले. पोतं उतरवत म्हणाले, "पलीकडचा म्हणाला, आत काही नव्हतंच, स्वच्छ होता. तरी त्याने सगळं करून दिलं. चांगला माणूस आहे रे. माझी लाज राखली त्याने."

तेव्हाच बोलायला हवं होतं. 'मामा, तो खरं बोलतोय,' एवढंच. मनात म्हटलं, आधी गाडी चालते का बघू. मग म्हटलं, बाई सुखरूप पोचू देत. बाई पोचल्या. त्यांचा फोन आला, काटा मध्याच्या वर सरकला नाही, मामांना सांगा, त्यांच्या पायांना हात लावते. मी फोन मामांना दिला. ते म्हणाले, "मला नका सांगू बाई, पुलापलीकडच्याला सांगा. काम त्याचं आहे." आणि फोन ठेवून त्यांनी भट्टी विझवली.

सगळी हत्यारं त्यांनी पलीकडच्याला दिली. हौद रिकामा केला, घासला, पालथा घातला. सगळं उरकल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बापू, तुझे उपकार झाले. दुसऱ्या कुणाची हिंमत झाली नसती. मी त्या पेंटरसारखा बसून राहिलो असतो." मी खाली वाकून एक न पडलेला स्क्रू शोधत बसलो.

असे दोन महिने गेले. मोकळ्या बाजूला मी माझ्या जुन्या बॅटऱ्या रचल्या, म्हणजे ती बाजू रिकामी दिसू नये. बायको सांगायची, "मामा दिवसभर खुर्चीत बसून असतात हो. काल त्यांच्याकडे गेले, नळ गळतोय म्हटलं तर म्हणाले, प्लंबरला बोलाव, माझ्या हाताचं काही खरं नाही. त्या घरातला एक नळ आजवर दुसऱ्याने दुरुस्त केला नव्हता." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुमच्या तोंडाला कुलूप कधीपासून लागलं?"

त्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी त्यांच्या घरी गेलो. मामा खिडकीशी बसले होते, दोन्ही हात मांडीवर पालथे. मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. खोकी, डिकी, प्लस, काळी वायर, दहा मिनिटं, सगळं. कॅलेंडरच्या मागे चित्रसुद्धा काढून दाखवलं. म्हणालो, "मामा, तुमचा हात गेलेला नाही. तुमच्या दोन्ही कामांत काही खोट नव्हती. गाढव मी आहे. मला काय वाटेल ते बोला."

मामांनी चित्र हातात घेतलं, लांब धरून नीट बघितलं. मग हसले.

"बापू, फार विचार करून जुळवलंस रे."

"जुळवलं नाही! खरं आहे!"

"अरे, पंचवीस वर्षं तुझं काम बघतोय मी. बॅटरी न बघता तू वायर जोडशील? तू?" त्यांनी चित्राची घडी घातली. "आणि असं असतं, तर तू त्याच दिवशी ओरडत आला असतास. दोन महिने गप्प बसायला तू काय लबाड आहेस? तुझ्या पोटात दोन मिनिटं काही राहत नाही."

मी म्हणालो, "चला, आत्ता बाईंच्या घरी चला. वायरी उलट्या करून दाखवतो, तुमच्या डोळ्यांदेखत उकळवतो गाडी."

"वेडा का काय! माझ्या समाधानासाठी त्या बिचारीची चालती गाडी बिघडवतोस? आणि हे तिला बोलूही नकोस. तुझं दुकान आहे, पोट आहे. असलं तिने खरं मानलं तर?" मग त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि थोपटला. "आमच्या भाचीने सांगितलं असेल ना तुला, मामा खचलेत म्हणून? मी बरा आहे रे. मला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या तोंडाला काळं फासू नकोस."

त्यांचे हात अजिबात थरथरत नव्हते. मी ते हात बघत होतो आणि मला रडू आवरेना. मामांना वाटलं, त्यांच्याच मायेने रडतोय.

मला सोडायला ते फाटकापर्यंत आले. शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी झाडांना पाणी घालत होते. मामांनी त्यांना हाक मारली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "हे आमचे जावई. बोलायला फटकळ, उभ्या आयुष्यात कुणासाठी एक शब्द खोटा बोलले नाहीत. आज माझ्यासाठी बोलले."

शेजाऱ्यांनी नळी खाली ठेवली आणि कौतुकाने माझ्याकडे बघून हात जोडले. मी पण जोडले.